घोड्याला जंताचं औषध: आधी लीद, मग वजन, मग डोस

नागपूर आणि आसपासच्या तबेल्यांत जंताचं औषध दिलं जात नाही असं नाही. दिलं जातं, आणि बरेचदा गरजेपेक्षा जास्त वेळा. चुकतो तो क्रम. औषध आधी जातं आणि लीद तपासायचा विचार घोडा खंगल्यावर येतो. वजन नजरेने ठरतं. दुकानात समोर असेल ते, बहुधा गाई-म्हशींचं, उचललं जातं आणि ते लागू पडलं का, हे कुणी पाहत नाही. यामुळे जंत तर उरतातच, शिवाय उरलेले जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात. घोड्यांसाठी चालणाऱ्या औषधांचे गट मोजकेच आहेत. एक निकामी झाला तर त्याच्या जागी लगेच दुसरा मिळत नाही.

खालचे टप्पे वरातीच्या घोड्या, रायडिंग क्लबचे घोडे आणि शेतावर एक-दोन घोडी पाळणारे मालक या सगळ्यांसाठी आहेत. डोसचे आकडे दिले आहेत ते पशुवैद्यकाशी बोलताना हिशेब समजावा म्हणून. जनावर गाभण, अशक्त किंवा आजारी असेल तर तपासणीशिवाय काहीही पाजू नका.

## आधी एवढं लक्षात घ्या: शत्रू एक नाही

लहान स्ट्राँगाईल हे प्रौढ घोड्यांत सर्वांत जास्त आढळणारे जंत. यांच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरून महिनोन् महिने निपचित पडून राहतात. तिथे त्या लिदीच्या तपासणीत दिसत नाहीत आणि बहुतेक औषधांच्या नेहमीच्या एका डोसने मरतही नाहीत. पुष्कळ अळ्या एकदम बाहेर पडल्या तर पाण्यासारखे जुलाब होतात आणि घोडा झपाट्याने उतरतो. तरुण घोड्यांत हा धोका अधिक.

मोठे स्ट्राँगाईल, म्हणजे रक्तजंत, यांच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत फिरतात. तिथे गुठळी झाली तर जीवघेणा पोटशूळ होतो.

गोल जंत हा शिंगरांचा जंत. पांढरा, जाड, वीतभर किंवा त्याहून लांब. चपटा जंत गवतातल्या सूक्ष्म कोळीवर्गीय किड्यांतून येतो आणि लहान व मोठं आतडं जिथे मिळतं तिथे चिकटतो. पिनवर्म शेपटीच्या मुळाशी खाज आणतो. बॉट माशी पायांच्या केसांना पिवळसर अंडी चिकटवते. घोडा ती चाटतो आणि अळ्या जठरात जाऊन बसतात.

आणखी एक गोष्ट पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया आहे. एकाच तबेल्यातल्या प्रौढ घोड्यांपैकी साधारण २० ते ३० टक्के घोडे एकूण अंड्यांपैकी जवळपास ८० टक्के अंडी टाकतात. बाकीच्यांना वारंवार औषध देऊन फायदा शून्य, आणि औषधाची धार मात्र बोथट होते.

## टप्पा १: वही उघडा आणि मागची तारीख शोधा

प्रत्येक घोड्याला एक पान द्या. त्यावर वय, वजन, शेवटचं जंतनाशक (दुकानातलं नाव नव्हे, त्यातलं औषधी द्रव्य), मात्रा आणि तारीख लिहा. त्या तारखेवरून लीद कधी तपासायची ते ठरतं:

- फेनबेंडॅझोल किंवा पायरॅन्टेल दिलं असेल तर निदान ९ आठवडे थांबा.
- आयव्हरमेक्टिन दिलं असेल तर १२ आठवडे.
- मॉक्सिडेक्टिन दिलं असेल तर १६ आठवडे.

या काळाच्या आत तपासलं तर औषधाने दबलेला आकडा दिसतो, घोड्याचा खरा नाही. भरपूर अंडी टाकणारी घोडी "स्वच्छ" ठरते आणि पावसाळाभर आवारात अंडी पसरवत राहते.

सावधान: हे थांबणं फक्त धडधाकट जनावरासाठी. जुलाब, उतरलेली अंगयष्टी, वारंवार पोटदुखी किंवा पोट सुटलेलं खुरटं शिंगरू दिसलं तर आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.

## टप्पा २: लीद गोळा करा

तपासणीचा निकाल इथेच बिघडतो. प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी सकाळपासून उन्हात पडलेल्या लिदीतून बरोबर आकडा निघत नाही.

१. लीद पडताना पाहिलेली असावी, म्हणजे ती कोणाची याबद्दल शंका राहत नाही. रात्रीच्या ढिगातून उचलू नका.

२. प्लॅस्टिकची पिशवी हातमोज्यासारखी हातात घाला. तीन-चार वेगवेगळ्या गोळ्यांच्या आतला भाग घ्या. जमिनीला टेकलेला भाग नको, त्यात मातीतल्या निरुपद्रवी अळ्या येतात. एक मूठ पुरते.

३. पिशवी उलटी करा, दाबून सगळी हवा काढा आणि घट्ट गाठ मारा. हवा राहिली तर अंडी वाढू लागतात.

४. पिशवीवर घोड्याचं नाव, तारीख, वेळ आणि शेवटचं औषध लिहा. चिठ्ठी आत टाकू नका, ती भिजते.

५. लगेच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, साधारण ४ अंशांवर. बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेली अंडी फुटतात.

६. शक्यतो १२ तासांच्या आत तपासायला द्या.

नागपूरच्या उकाड्यात स्ट्राँगाईलची अंडी दिवसभरात फुटायला लागतात आणि फुटलेलं अंडं मोजणीत येत नाही. म्हणून एप्रिल ते जून नमुना थर्मासमध्ये न्या. बर्फाची पिशवी आणि नमुना यांच्यामध्ये कापड असू द्या.

पातळ जुलाब होत असतील तर आकडा खोटा कमी येतो, कारण अंडी पाण्यात विरळ होतात. प्रयोगशाळेला हे सांगा.

## टप्पा ३: अंडी मोजून घ्या

सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे आणि तिथे परजीवीशास्त्र शिकवलं जातं. निघण्याआधी नमुने कोणत्या वेळी घेतात ते विचारून घ्या. विचारताना "जंत आहेत का" असं विचारू नका. "एका ग्रॅममागे अंडी किती" असा आकडा मागा. "जंत आढळले" एवढ्या शेऱ्यावर औषधाचा निर्णय घेता येत नाही, आणि पुढे औषधाची परीक्षा घ्यायलाही हा आकडाच लागतो.

मोठ्या तबेल्याने स्वतः मोजायचं ठरवलं तर साधा सूक्ष्मदर्शक, मॅकमास्टर काचपट्टी (अंडी मोजायला रेषा आखलेले दोन कप्पे असलेली पट्टी) आणि ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा एवढ्यावर काम होतं.

१. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ४०० ग्रॅम मीठ ढवळा. तळाशी थोडं मीठ विरघळायचं राहिलं की द्राव संपृक्त झाला. वरचं स्वच्छ पाणी घ्या. घनता १.२० च्या आसपास हवी.

२. ४ ग्रॅम लीद आणि २६ मिलिलिटर द्राव एकत्र नीट कालवा.

३. चहाच्या गाळणीतून गाळा. गाळलेलं पाणी ढवळत असतानाच ड्रॉपरने काचपट्टीचे दोन्ही कप्पे भरा. ढवळणं थांबवून भरलं तर अंडी भांड्यातच वर तरंगून राहतात आणि पट्टीत कमी येतात.

४. पाच मिनिटं थांबा. १०० पट मोठं करून दोन्ही कप्प्यांतल्या रेषांच्या आतली अंडी मोजा.

५. बेरजेला २५ ने गुणा. चोवीस अंडी दिसली तर एका ग्रॅममागे ६००.

स्ट्राँगाईलचं अंडं लांबट, पातळ कवचाचं आणि आत पेशींचा पुंजका असलेलं दिसतं. गोल जंताचं अंडं गोल, तपकिरी, जाड कवचाचं. हे दोन आकडे वेगवेगळे लिहा. मोजणी तासाभरात उरका, नंतर मिठाचे स्फटिक धरतात.

तपासा: कप्प्यात हवेचे मोठे बुडबुडे आहेत का? असतील तर पट्टी धुऊन पुन्हा भरा. बुडबुड्यांची काळी कड अननुभवी डोळ्याला अंड्यासारखी वाटते.

## टप्पा ४: आकडा वाचा

प्रौढ, निरोगी घोड्यासाठी स्ट्राँगाईलचा आकडा असा वाचायचा:

- २०० पर्यंत: कमी अंडी टाकणारा. आत्ता औषध नको.
- २०० ते ५००: मध्यम. ऋतू आणि तब्येत पाहून ठरवा. पावसाळ्यात देणं योग्य.
- ५०० च्या वर: जास्त. औषध द्या आणि चौदाव्या दिवशी पुन्हा तपासा.

या आकड्याला एक मोठी मर्यादा आहे. तो घोडा जमिनीवर किती अंडी टाकतोय ते सांगतो; पोटात किती जंत आहेत ते सांगत नाही. अस्तरात दडलेल्या अळ्या, धमन्यांत फिरणाऱ्या अळ्या आणि बॉट यांचा त्यात पत्ताच नसतो. चपट्या जंताची अंडी या पद्धतीत बहुतेक वेळा निसटतात. त्यामुळे अहवालात शून्य आलं तरी वर्षातून एकदा प्रत्येक प्रौढ घोड्याला औषध द्यावंच लागतं. ते केव्हा, ते पुढे वेळापत्रकात आहे.

पिनवर्मसाठी लीद उपयोगाची नाही. सकाळी, खरारा आणि धुणं होण्याआधी, शेपटीखालच्या कातडीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला आणि काचेवर चिकटवून दाखवा.

## टप्पा ५: वजन काढा

नजरेने घेतलेलं वजन बहुतेक वेळा कमी निघतं. कमी वजन म्हणजे कमी डोस, आणि कमी डोसमध्ये नेमके चिवट जंत तगतात. पुढची पिढी त्यांचीच. पूर्ण पैसे खर्चून औषध निकामी करण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

शिंप्याची टेप घ्या. घोडा सपाट जमिनीवर चारही पाय सरळ ठेवून उभा हवा.

१. छातीचा घेर: टेप कोपराच्या लगेच मागून, वाखंडाच्या (मान जिथे पाठीला मिळते तिथला उंचवटा) मागच्या उतारावरून फिरवा. श्वास सोडल्यावर वाचा.

२. अंगाची लांबी: खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत, सरळ रेषेत.

३. हिशेब: घेर × घेर × लांबी ÷ ११,८८०. मापं सेंटिमीटरमध्ये असतील तर उत्तर किलोत येतं.

घेर १६० आणि लांबी १३५ असेल तर १६० × १६० × १३५ म्हणजे ३४,५६,०००. त्याला ११,८८० ने भागलं की २९१ किलो. औषधासाठी हे ३०० धरा. नेहमी वरच्या बाजूला पूर्ण करायचं.

वर्षभराच्या शिंगरासाठी भाजक साधारण १०,८०० घ्या, नुकतंच दूध तुटलेल्यासाठी १०,१००. त्याहून लहान शिंगराला हे सूत्र लावू नका, वजनकाट्यावरच चढवा. वाहनासकट धर्मकाट्यावर नेणार असाल तर वाहन रिकामं आणि भरलेलं अशी दोन वजनं घ्या. मात्र मोठ्या काट्याची खूण पाच-दहा किलोंची असते, ७० किलोच्या शिंगराला ती चूक मोठी आहे.

तपासा: गाभण घोडीचं वजन पोटामुळे वेगळं येतं. तिचा हिशेब पशुवैद्यकाकडून पक्का करून घ्या.

## टप्पा ६: औषध निवडा

आयव्हरमेक्टिन – किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, तोंडाने. ३०० किलोला ६० मिलिग्रॅम. १.८७ टक्के पेस्टमध्ये एका ग्रॅमला १८.७ मिलिग्रॅम असतं, म्हणजे सुमारे ३.२ ग्रॅम पेस्ट. मोठे स्ट्राँगाईल, बॉट आणि लहान स्ट्राँगाईलचे प्रौढ जंत यांवर चालतं. अस्तरात दडलेल्या अळ्यांवर नाही.

फेनबेंडॅझोल – किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० किलोला १.५ ग्रॅम. शिंगरांच्या गोल जंतासाठी किलोमागे १० मिलिग्रॅम. लहान स्ट्राँगाईल या औषधाला जगभर मोठ्या प्रमाणावर दाद देत नाहीत. चौदाव्या दिवसाच्या तपासणीशिवाय प्रौढ घोड्यांत यावर विसंबू नका.

पायरॅन्टेल – किलोमागे ६.६ मिलिग्रॅम मूळ द्रव्य. चपट्या जंतासाठी दुप्पट. क्षार आणि मूळ द्रव्य यांचं वजन वेगळं असतं, म्हणून लेबल नीट वाचा.

प्राझिक्वांटेल – चपट्या जंतासाठी, किलोमागे साधारण १.५ मिलिग्रॅम. आयव्हरमेक्टिनसोबत एकाच पेस्टमध्येही येतं.

मॉक्सिडेक्टिन – किलोमागे ०.४ मिलिग्रॅम. दडलेल्या अळ्यांपर्यंत पोहोचतं, पण चार महिन्यांखालच्या शिंगराला आणि हाडं दिसणाऱ्या घोड्याला कधीही देऊ नका. ते अंगातल्या चरबीत साठतं; चरबीच नसली तर मेंदूवर परिणाम होतो.

सावधान: गाई-म्हशींचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका. टोचल्या जागी सूज येते आणि हवेविना वाढणाऱ्या जिवाणूंचा संसर्ग होऊन घोडा दगावू शकतो. ही पद्धत अजून चालते म्हणून स्पष्ट लिहिलं. लिव्हॅमिसोलही घोड्याला नको: उपयोगी डोस आणि घातक डोस यांत अंतर फार कमी. गाभण घोडीला अल्बेंडॅझोल देऊ नका.

"दर वेळी वेगळं औषध द्या" हा सल्ला फार ऐकू येतो. औषधं आलटून-पालटून दिल्याने प्रतिकार थांबत नाही. चाचणीत जे उतरलं ते, गरज असलेल्या घोड्याला, पूर्ण डोसने द्यायचं. काम न करणारं औषध पाळीपाळीने दिलं तरी ते काम करत नाहीच.

## टप्पा ७: औषध पाजा

उपाशी ठेवायची गरज नाही. फक्त तोंड रिकामं हवं. गालात कडब्याचा किंवा चंदीचा घास राहिला तर पेस्ट त्याला चिकटते आणि घासासकट बाहेर पडते.

१. घोड्याला म्होरकी घालून शांत जागी उभा करा. तोंड पाण्याने धुऊन घ्या.

२. सिरिंजवरची कडी वजनाच्या खुणेवर फिरवून पक्की करा. कडी ढिली राहिली तर अख्खी सिरिंज एका दाबात रिकामी होते. लहान शिंगरासाठी तो घातक डोस ठरू शकतो.

३. घोड्याच्या डाव्या बाजूला, खांद्याजवळ उभे राहा. समोर नको.

४. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून, ओठांच्या कोपऱ्यातून सिरिंज आत सरकवा. टोक जिभेच्या मागच्या भागावर यायला हवं.

५. एका दाबात पेस्ट सोडा, सिरिंज काढा आणि हनुवटी किंचित वर धरून गिळेपर्यंत थांबा. मान ताणून आकाशाकडे करू नका.

६. दोन मिनिटं जमिनीवर पाहत राहा. पेस्ट थुंकली असेल तर किती गेली याचा अंदाज वहीत लिहा आणि पशुवैद्यकाला विचारूनच उरलेली द्या.

गोळी असेल तर बारीक कुटून गुळात आणि मूठभर ओल्या चंदीत कालवा. नेहमीच्या खाण्याआधी, एकट्याला, तोबऱ्यातून द्या. तोबरा चाटून साफ झाल्यावरच पुढचं खाणं. सामाईक गव्हाणीत औषध टाकलं तर दांडगी घोडी दोन डोस खाते आणि भित्रं शिंगरू कोरडंच राहतं.

सावधान: पातळ औषध बैलाला पाजतात तसं, मान वर बांधून बांबूच्या नळ्याने किंवा बाटलीने घोड्याला पाजू नका. ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि त्यातून घोडा उठवणं फार कठीण. पातळ औषध द्यायचंच असेल तर पशुवैद्यक नाकातून नळी घालून देतील.

## टप्पा ८: पुढचे तीन दिवस

त्या दिवशी वरात किंवा जड काम नको. पाणी भरपूर ठेवा. पहिल्या दोन दिवसांत लीद किती वेळा पडते ते मोजा. जमीन उकरणं, पोटाकडे वळून पाहणं, लोळणं, घाम, खाणं सोडणं, लीद बंद होणं: यातलं काहीही दिसलं तर जंत पडताहेत म्हणून थांबू नका, पशुवैद्यकाला बोलवा. भरपूर जंत एकदम मेल्याने आतडं तुंबू शकतं.

या तीन दिवसांतली सगळी लीद रोज उचलून बंद खड्ड्यात टाका. आयव्हरमेक्टिन लिदीतून बाहेर पडतं. सांडलेली पेस्ट आणि ताजी लीद कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. कोली जातीच्या कुत्र्यांत अल्प प्रमाणातही विषबाधा होते.

आणखी एक जुनी सवय सोडायला हवी: औषध देऊन लगेच घोडे नव्या, स्वच्छ चराऊ तुकड्यात हलवणं. औषधातून फक्त चिवट जंत वाचलेले असतात, आणि असं केल्याने नव्या जागेत केवळ त्यांचीच अंडी पडतात.

## टप्पा ९: चौदावा दिवस

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. खरं तर यावरच पुढच्या वर्षीचं औषध ठरतं.

औषधाच्या दिवशीचा आकडा २०० च्या वर असलेल्या घोड्यांची लीद चौदाव्या दिवशी पुन्हा द्या, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने. हिशेब: (आधीचा आकडा − नंतरचा आकडा) ÷ आधीचा आकडा × १००.

आधी ६००, नंतर २५: घट सुमारे ९६ टक्के. आधी ६००, नंतर ३००: घट ५० टक्के, म्हणजे औषध निकामी किंवा डोस चुकला. आयव्हरमेक्टिनला ९५, फेनबेंडॅझोलला ९० आणि पायरॅन्टेलला ८५ टक्क्यांच्या खाली घट आली तर शंका घ्या. एका घोड्यावरून निष्कर्ष काढू नका. पाच-सहा घोड्यांची सरासरी घ्या, आणि औषधाला दोष देण्याआधी वजन, थुंकलेली पेस्ट आणि औषधाची मुदत तपासा. मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या पेस्टवर भरवसा ठेवता येत नाही.

## शिंगरांसाठी वेगळा नियम

शिंगरांना आकड्याची वाट पाहायची नसते. गोल जंत आत शिरल्यापासून अंडी टाकेपर्यंत दहा ते बारा आठवडे जातात, आणि त्या काळात अळ्या यकृत आणि फुप्फुसातून फिरून नुकसान करून चुकतात.

- दोन ते तीन महिन्यांचं असताना फेनबेंडॅझोल.
- चार ते सहा महिन्यांत, दूध तोडण्याच्या सुमारास लीद तपासून: गोल जंत असतील तर पुन्हा फेनबेंडॅझोल, स्ट्राँगाईल असतील तर औषध त्याप्रमाणे.
- नवव्या आणि बाराव्या महिन्यात स्ट्राँगाईलसाठी. या वयात एकदा प्राझिक्वांटेलही.

पहिला डोस आयव्हरमेक्टिनचा नको. गोल जंत त्याला अनेक ठिकाणी दाद देत नाहीत. शिवाय आयव्हरमेक्टिन आणि पायरॅन्टेल जंतांना एकदम लुळं करतात. त्यांचा गोळा लहान आतड्यात अडकून ते फुटू शकतं. पोट सुटलेलं, राठ केसांचं, खोकणारं शिंगरू असेल तर पहिला डोस पशुवैद्यकाच्या देखरेखीतच द्या.

## नागपूरच्या ऋतूंप्रमाणे वेळापत्रक

थंड देशांची वेळापत्रकं इथे जशीच्या तशी लावू नका. तिथे उन्हाळा हा संसर्गाचा काळ असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४५ अंशांवर गेला की उघड्या, कोरड्या जमिनीवरच्या अळ्या मरतात. २५ ते ३३ अंश आणि ओल मिळाली की चरणाऱ्या घोड्याला लागण करणारी अळी अंड्यातून काही दिवसांत तयार होते. म्हणजे मृगाच्या पावसापासून दिवाळीपर्यंत.

मे: सगळ्यांना सरसकट औषध नको. या काळात जमिनीवर औषध न पाहिलेल्या अळ्या जवळपास नसतात. औषधातून वाचलेले चिवट जंतच पावसाळ्यासाठी बीज म्हणून उरतात. याऐवजी आवारातली सगळी वाळकी लीद उचला. लिदीच्या गोळ्याच्या आत अळ्या कोरड्या दिवसांतही तग धरतात आणि पहिल्या सरीबरोबर बाहेर पडतात.

जुलैची सुरुवात: पाऊस स्थिरावल्यावर सगळ्यांची लीद. ज्यांचा आकडा जास्त त्यांना औषध.

पोळ्याच्या सुमारास: दुसरी तपासणी, त्याच नियमाने.

नोव्हेंबर, तुळशीच्या लग्नाआधी: प्रत्येक प्रौढ घोड्याला, आकडा काहीही असो, आयव्हरमेक्टिन आणि प्राझिक्वांटेल. रक्तजंत, चपटे जंत आणि बॉट यांच्यासाठी वर्षातला हा एक डोस टाळायचा नाही. लग्नसराई सुरू होण्याआधी विश्रांतीचे दोन-तीन दिवसही याच वेळी मिळतात.

फेब्रुवारी-मार्च: नोव्हेंबरपासून १२ आठवडे झाल्यावर तपासणी. यात कोण जास्त अंडी टाकतं ते नीट कळतं.

एक अपवाद: पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावरचं बरसीम आणि लसूण घास. तिथे हिवाळ्यातही ओल असते आणि दुपार उबदार, त्यामुळे संसर्ग चालू राहतो. अशा तुकड्यात घोड्याची ताजी लीद खत म्हणून टाकणं ही आपल्याकडची मोठी चूक आहे.

## तबेला आणि चराऊ जागा

लीद चराऊ जागेतून आठवड्यातून निदान दोनदा उचला, तबेल्यातून रोज. ढीग मोठा आणि ओलसर ठेवा, पालटत राहा. आत ५०-६० अंश उष्णता आली की अंडी-अळ्या मरतात. कडेचा थंड भाग आत आला नाही तर तिथल्या जगतात. असं कुजलेलं खतच शेतात घाला.

मोकळ्या जागेत लीद फोडून पसरवायची असेल तर ती फक्त एप्रिल-मेच्या उन्हात, आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे घोडे तिथे सोडायचे नाहीत. पावसाळ्यात पसरवलं तर अळ्या साऱ्या गवतभर होतात. घोड्यांनंतर त्याच जागेत गाई चरल्या तर उपयोग होतो: घोड्याचे बहुतेक जंत गाईत जगत नाहीत.

शिंगरांच्या खोलीत खाणं जमिनीवर टाकू नका. गोल जंताची चिकट अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि फिनाईलला जुमानत नाहीत. जमीन खरवडून घासा आणि वाफ किंवा उकळतं पाणी वापरून कडक उन्हात वाळवा. घोडीची आचळंही धुवा.

## नवा घोडा आला तर

बाजारातून किंवा दुसऱ्या तबेल्यातून आलेला घोडा दावणीला लावण्याआधी वेगळा बांधा. त्याच दिवशी लीद घ्या, मग वजन काढून आयव्हरमेक्टिन आणि प्राझिक्वांटेल द्या. तीन दिवस त्याची लीद वेगळी उचला. चौदाव्या दिवशी पुन्हा तपासा, आणि घट ९५ टक्क्यांच्या वर आली तरच इतरांसोबत चरायला सोडा. आकडा खाली आला नसेल तर घोडा वेगळाच ठेवा आणि दोन्ही अहवाल घेऊन पशुवैद्यकाकडे जा.